विंडोज ११ वर विनॲम्प ५.६६६: प्रोग्राम चालतो, अडते ती लायब्ररी

गाणी वाजवायचं जुनं विनॲम्प नव्या लॅपटॉपवर चालतं का? चालतं. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये मिळत असलं तरी ३२ बिटचे प्रोग्राम चालवायची सोय त्यात आहे आणि विनॲम्प तिथे मुकाट्याने चालतं. घोळ होतो तो लायब्ररीचा, म्हणजे गाण्यांच्या नोंदवहीचा. जुन्या मशीनवर वर्षानुवर्षं साठलेले प्ले काउंट (कुठलं गाणं किती वेळा वाजलं), दिलेले तारे, हाताने लावलेल्या प्लेलिस्टा, ‘सहा महिन्यांत न ऐकलेलं’ असले स्मार्ट व्ह्यू, हे काहीच गाण्यांच्या फाइलींबरोबर आपोआप येत नाही. नव्या मशीनवर लायब्ररी रिकामी दिसली की माणूस घाईने सगळं पुन्हा स्कॅन करतो. गाणी येतात, इतिहास जातो. म्हणून इथे प्रोग्रामपेक्षा लायब्ररीवरच जास्त लिहितो आहे.

आवृत्ती कोणती घ्यायची ते आधी उरकू. ५.६६६ ही डिसेंबर २०१३ ची, एओएल या तेव्हाच्या मालक कंपनीच्या काळातली शेवटची आवृत्ती. पुढच्याच महिन्यात विनॲम्प रेडिओनॉमी या कंपनीकडे गेलं. ५.८ आली २०१८ मध्ये आणि ५.९ सप्टेंबर २०२२ मध्ये. तुमच्याकडे जुने प्लगइन (विनॲम्पला जोडायचे छोटे पूरक प्रोग्राम) नसतील तर ५.९ च्या मालिकेतली शेवटची आवृत्ती घ्या, उगाच जुन्याचा हट्ट नको. विनॲम्पवरच काम केलेल्या एका जुन्या डेव्हलपरने चालू ठेवलेला वॅकप नावाचा प्रकल्पही आहे. देखभाल सर्वांत नियमित त्याची होते. मात्र त्याच्या ६४ बिटच्या बिल्डमध्ये ३२ बिटचे प्लगइन लागत नाहीत, आणि ५.६६६ ला चिकटून राहणारे बहुतेक जण नेमके एखाद्या जुन्या प्लगइनपायीच तिथे असतात. अशांसाठी ५.६६६ ठीक.

इन्स्टॉलर कुठून घेता ते महत्त्वाचं. ‘जुन्या आवृत्त्या मोफत’ म्हणणाऱ्या साइट मूळ फाइलला स्वतःचा डाउनलोडर चिकटवतात. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅबच नसेल तर ती फाइल टाकून द्या.

आता मुख्य काम. जुनं मशीन अजून सुरू होत असेल, तर नव्यावर काहीही टाकायच्या आधी त्याच्याकडे बसा.

विनॲम्प पूर्ण बंद करा. खाली घड्याळापाशी त्याचं चिन्ह राहिलेलं नाही ना, तेही बघा. प्रोग्राम चालू असताना डेटाबेस कॉपी केला तर अर्धवट लिहिलेली फाइल हाती येऊ शकते. मग विंडोजचं बटण आणि आर दाबून रनची खिडकी उघडा आणि दोन टक्केचिन्हांच्या मध्ये ‘ॲपडेटा’ हा इंग्रजी शब्द लिहून एंटर दाबा. जो फोल्डर उघडेल त्यात विनॲम्प नावाचा फोल्डर असतो. तो अख्खा उचला. त्यातले निवडक तुकडे घेत बसू नका.

आत काय असतं ते माहीत असावं, कारण पुढे काही बिघडलं तर बघायचं इथेच. विनॲम्प डॉट आयएनआय या फाइलमध्ये बहुतेक सेटिंग्ज असतात. आधुनिक स्किनची (विनॲम्पच्या बाह्य रूपाची) माहिती स्टुडिओ डॉट एक्सएनएफमध्ये. त्याच फोल्डरात प्लगइन्स, त्यात एमएल, आणि त्या एमएल फोल्डरात खरा ऐवज: मेन डॉट डॅट आणि मेन डॉट आयडीएक्स. ही जोडी म्हणजे तुमची लायब्ररी. एक आहे आणि दुसरी नाही, असं चालत नाही. शेजारी प्लेलिस्ट्स डॉट एक्सएमएल आणि एम३यू८ प्रकारच्या फाइली दिसतील. त्या फाइलींची नावं अगम्य असतात. कुठली फाइल म्हणजे कुठली प्लेलिस्ट हे त्या एक्सएमएलमध्ये लिहिलेलं असतं. म्हणून त्यांना स्वतःहून नवी नावं देऊ नका.

जुनं मशीन एक्सपीचं किंवा व्हिस्टाचं असेल आणि हा फोल्डर रिकामा निघाला तर घाबरू नका. फार जुन्या आवृत्त्या सेटिंग्ज थेट प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायच्या. व्हिस्टापासून विंडोजने तिथे लिहायला बंदी केली आणि असं लिखाण गुपचूप दुसरीकडे वळवलं. ते सापडतं वापरकर्त्याच्या फोल्डरात ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या वाटेने. लायब्ररी उडाली असं म्हणतात त्यातल्या काही लायब्ऱ्या तिथे निवांत पडलेल्या असतात.

नव्या मशीनवर विनॲम्प इन्स्टॉल करा, एकदा उघडा, बंद करा, आणि ॲपडेटामधल्या त्याच्या फोल्डरावर जुना फोल्डर टाका. उघडल्यावर लायब्ररीत सगळी गाणी दिसतील. आणि बहुधा एकही वाजणार नाही.

याचं कारण असं की डेटाबेसमध्ये प्रत्येक गाण्याचा पूर्ण पत्ता ड्राइव्हच्या अक्षरासकट लिहिलेला असतो. जुन्या मशीनवर गाणी ई ड्राइव्हवर होती आणि नव्यावर ती डी वर आली, की विनॲम्पच्या लेखी फाइलच नाही. मेन डॉट डॅट हेक्स एडिटरमध्ये उघडून पत्ते बदलायचा मोह अनेकांना होतो. करू नका. नोंदींची लांबी बदलली की फाइल जाते.

सोपा मार्ग म्हणजे पत्ता बदलण्याऐवजी घरच जुन्या पत्त्यावर नेणं. गाणी वेगळ्या डिस्कवर किंवा पार्टिशनवर असतील तर विंडोजचं बटण आणि एक्स दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा, त्या पार्टिशनवर राइट क्लिक करून ड्राइव्हचं अक्षर बदला आणि जुनंच अक्षर द्या. यूएसबीच्या डिस्कवर लायब्ररी नव्यानेच उभी करत असाल तर मात्र अक्षर वर्णमालेच्या शेवटाकडचं निवडलेलं बरं. पुढच्या पेन ड्राइव्हने ते बळकावायची शक्यता कमी.

गाणी सी ड्राइव्हवरच, वापरकर्त्याच्या म्युझिक फोल्डरात होती आणि नव्या मशीनवर वापरकर्त्याचं नाव बदललं आहे, तर जंक्शन करा, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्या फोल्डराकडे नेणारा दुवा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. पॉवरशेल नको, ही आज्ञा पॉवरशेलची नाही. ‘एमकेलिंक’, मग स्लॅश जे, मग अवतरणचिन्हांत जुना पत्ता, मग अवतरणचिन्हांत नवा पत्ता. जुन्या पत्त्यावरचा फोल्डर आधीपासून अस्तित्वात नसावा, नाहीतर आज्ञा नाकारली जाते; पण त्याच्या वरचे फोल्डर मात्र असावे लागतात. जंक्शन फक्त त्याच मशीनवरच्या डिस्कांसाठी चालतं, नेटवर्कवरच्या फोल्डरासाठी नाही. ‘सब्स्ट’ ही आज्ञाही सुचवली जाते, पण तिने दिलेलं ड्राइव्हचं अक्षर मशीन रीस्टार्ट झालं की जातं.

एक्सपीवाल्यांसाठी एक सुखद गोष्ट. ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ हा जुना पत्ता विंडोज ११ मध्येही लपवलेल्या जंक्शनच्या रूपात शिल्लक आहे आणि तो यूजर्स फोल्डराकडे नेतो. माय डॉक्युमेंट्स आणि माय म्युझिक यांचंही तसंच. वापरकर्त्याचं नाव अक्षर न् अक्षर तेच ठेवलं आणि गाणी म्युझिक फोल्डरात टाकली, तर वीस वर्षांपूर्वीचे पत्ते काही न करता लागू पडतात.

वनड्राइव्हकडे लक्ष ठेवा. नवीन मशीन सेट करताना फोल्डर बॅकअपला हो म्हटलं गेलं असेल तर म्युझिक फोल्डर वनड्राइव्हच्या आत सरकलेला असू शकतो. मग पत्ता बदलतोच, शिवाय फाइली मशीनवर नसून फक्त ढगाचं चिन्ह दाखवत असतात. विनॲम्पने टॅग (फाइलीतच लिहिलेली गाण्याची, गायकाची नावं) वाचायला स्कॅन सुरू केलं की एकेक फाइल इंटरनेटवरून उतरायला लागते आणि प्रोग्राम हँग झाल्यासारखा वाटतो. गाण्यांचा फोल्डर वनड्राइव्हच्या बाहेर ठेवा, किंवा निदान त्यावर राइट क्लिक करून ‘नेहमी या डिव्हाइसवर ठेवा’ हा पर्याय निवडा.

आता सर्वांत धोक्याची जागा. लायब्ररीच्या मेन्यूत ‘रिमूव्ह मिसिंग फाइल्स’ नावाचा पर्याय आहे. डिस्क जोडलेली नसताना किंवा अक्षर चुकलेलं असताना तो दाबला, की विनॲम्प प्रत्येक न सापडलेल्या गाण्याची नोंद काढून टाकतं. प्ले काउंट, तारे, शेवटचं कधी वाजलं ती तारीख, सगळ्यासकट. नंतर डिस्क जोडून स्कॅन केलं तर गाणी येतात ती कोरी. वॉच फोल्डर्सच्या (विनॲम्प स्वतःहून लक्ष ठेवतं त्या फोल्डरांच्या) सेटिंग्जमध्ये रीस्कॅनच्या वेळी हेच काम आपोआप करणारी खूण असते. कंट्रोल आणि पी दाबून प्रेफरन्सेस, मीडिया लायब्ररी, लोकल मीडिया, वॉच फोल्डर्स. तिथे ती खूण काढा आणि सुरुवातीलाच आपोआप स्कॅन करण्याचीही काढा. पत्ते जुळले, दहा-वीस गाणी वेगवेगळ्या फोल्डरांतून वाजवून पाहिली, मगच स्कॅन.

पत्ता जुना ठेवणं शक्यच नसेल तर लांबचा रस्ता आहे. लायब्ररी एक्सएमएलमध्ये एक्स्पोर्ट करा, नोटपॅड प्लस प्लसमध्ये पत्त्याचा जुना भाग नव्याने बदला, रिकाम्या लायब्ररीत इम्पोर्ट करा. यात एक खाच आहे: देवनागरी फोल्डर-नावं तिथे टक्केचिन्हांच्या लांबलचक माळेसारखी दिसू शकतात, कारण प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन बाइट होतात. त्या माळेला हात लावू नका. ड्राइव्हचं अक्षर आणि सुरुवातीचा रोमन भाग तेवढा बदला. इम्पोर्टनंतर प्ले काउंट आले की नाही ते लगेच तपासा, जुना फोल्डर पुसायच्या आधी. प्लेलिस्टच्या एम३यू८ फाइलीतही असंच शोधून बदलता येतं, पण उघडताना जे एन्कोडिंग होतं त्यातच सेव्ह करा. साध्या एम३यूमध्ये देवनागरी मावत नाही. सेव्ह केलंत की नावांची प्रश्नचिन्हं होतात.

प्रोग्राम ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालवायचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. तसं चालवलं की एक्सप्लोररमधून गाणं ओढून विनॲम्पवर टाकता येत नाही, कारण वरच्या अधिकाराच्या खिडकीत खालच्या अधिकाराच्या खिडकीतून काही टाकायला विंडोज मनाई करतं. शिवाय मॅप केलेले नेटवर्क ड्राइव्ह त्याला दिसेनासे होतात. आणि नेटवर्क ड्राइव्ह दिसला नाही की ‘मिसिंग फाइल्स’चं प्रकरण पुन्हा दारात. एखादा जुना एनएएस (घरच्या नेटवर्कवरची साठवणपेटी) असाही दिसत नसेल तर कारण वेगळं असतं: तो फक्त एसएमबी या नेटवर्कवर फाइली देण्याच्या पद्धतीची पहिली आवृत्ती बोलतो आणि विंडोज १० च्या १७०९ या अपडेटपासून ती मुळातच बंद असते. ती पुन्हा सुरू करण्यापेक्षा एनएएसचं फर्मवेअर बदलता येतं का ते बघा.

आवाजाची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. ‘बॅड डायरेक्टसाउंड ड्रायव्हर’ आणि पुढे ८८७८००७८ हा आकडा. ड्रायव्हर खराब झालेला नसतो. जुन्या सेटिंग्जमध्ये जे साउंड डिव्हाइस निवडलेलं होतं ते या मशीनवर नाही, किंवा ब्लूटूथ हेडफोन बंद झाले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. प्रेफरन्सेस, प्लगइन्स, आउटपुट, तिथे डायरेक्टसाउंडच्या कॉन्फिगरमध्ये जाऊन डिव्हाइस ‘प्रायमरी साउंड ड्रायव्हर’ करा. मग विंडोजचं जे चालू उपकरण असेल तिकडे आवाज जातो. सीडीवरून उतरवलेलं संगीत ४४.१ किलोहर्ट्झचं असतं आणि बऱ्याच नव्या मशीनवर विंडोजचा मिक्सर ४८ वर लावलेला असतो. रूपांतर टाळायचं असेल तर साउंडच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये, उपकरणाच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये ४४१०० निवडा. ऐकून फरक कळेलच याची हमी नाही.

क्लासिक स्किनची मुख्य खिडकी २७५ बाय ११६ पिक्सेलची. ४के पडद्यावर ती तिकिटाएवढी दिसते. कंट्रोल आणि डी दाबलं की दुप्पट होते. तेवढ्याने भागत नसेल तर विनॲम्पच्या ईएक्सई फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये, कंपॅटिबिलिटी टॅबवर, हाय डीपीआय सेटिंग्जमध्ये ‘ओव्हरराइड’वर खूण करून ‘सिस्टिम’ निवडा. थोडं धूसर दिसेल, पण डोळे वाचतील. खिडकी कुठेच दिसत नसेल, फक्त टास्कबारवर चिन्ह असेल, तर जुन्या मशीनला जोडलेल्या दुसऱ्या मॉनिटरची जागा सेटिंग्जमध्ये राहिलेली आहे. विनॲम्प बंद करून आयएनआय फाइलमधल्या डब्ल्यूएक्स आणि डब्ल्यूवाय या दोन ओळी काढा. आधुनिक स्किन असेल तर स्टुडिओ डॉट एक्सएनएफ बाजूला सरकवा.

मिल्कड्रॉप (गाण्याबरोबर हलणारी चित्रं दाखवणारा प्लगइन) उघडत नसेल तर डायरेक्टएक्स ९ च्या जुन्या फाइली कमी असतात. मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं डायरेक्टएक्स रनटाइम टाका. विंडोज ११ मधल्या नव्या डायरेक्टएक्सला त्याने धक्का लागत नाही. टास्कबारमध्ये बसणारे छोटे प्लेअर मात्र विसरा. विंडोज ११ च्या टास्कबारने तसले टूलबार घेणंच सोडलं आहे.

मराठी गाण्यांचा संग्रह असेल तर देवनागरीचा भाग वेगळा हाताळावा लागतो. क्लासिक स्किनमध्ये गाण्याचं नाव चित्ररूप फाँटमधून येतं आणि त्या चित्रात फक्त रोमन अक्षरं असतात. प्रेफरन्सेसमध्ये क्लासिक स्किनच्या पानावर ‘यूज बिटमॅप फाँट फॉर मेन टायटल डिस्प्ले’ ही खूण काढा. आधुनिक स्किनसाठी फाँट रेंडरिंगच्या टॅबवर पर्यायी फाँट म्हणून निर्मला यूआय द्या. जुन्या सेटिंग्जमध्ये मंगल लिहिलेला असेल आणि चौकोन दिसत असतील, तर विंडोज ११ मध्ये मंगल आपसूक येत नाही हे लक्षात घ्या. तो ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ या ऐच्छिक फीचरमध्ये गेला आहे.

फाँट ठीक असूनही नावं बिघडलेली दिसतात, तेव्हा बिघाड टॅगमध्ये असतो आणि त्याचे तीन प्रकार असतात. नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर मूळ अक्षरं गेली, परत येत नाहीत. फाइलच्या नावावरून टॅग पुन्हा भरा. एमपी३टॅग या प्रोग्राममध्ये फाइलनावावरून टॅग भरण्याची सोय आहे. रोमन ए वर टोपी किंवा तिरकी रेघ आणि मध्ये चलनाची चिन्हं असा खिचडा दिसला तर आनंद माना: ते यूटीएफ-८ मधलं देवनागरीच आहे, चुकीच्या कोडपेजमध्ये (अक्षरांच्या जुन्या तक्त्यात) वाचलेलं. फूबार२००० या प्लेअरचा चॅकॉन हा कंपोनंट किंवा म्युटाजेनमधलं मिड३आयकॉन्व्ह ते सरळ करतं. तिसरा प्रकार वाईट: श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटमध्ये टाइप करून चिकटवलेली नावं. तिथे मुळात देवनागरी नाहीच, रोमन अक्षरांना देवनागरीचा मुखवटा आहे. त्या त्या फाँटच्या कन्व्हर्टरमधून मजकूर काढून नव्याने भरावा लागतो. दुरुस्त केलेले टॅग आयडी३ या टॅग-पद्धतीच्या २.३ आवृत्तीत आणि यूटीएफ-१६ मध्ये लिहा. जुन्या प्रोग्रामांना तेच सर्वांत नीट पचतं. आयडी३ च्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला ३० बाइट, तेही रोमन, एवढीच जागा असते. ते टॅग काढूनच टाका.

फाइल डोळ्यांसमोर आहे पण वाजत नाही, असं झालं तर पत्त्याची लांबी मोजा. जुन्या प्रोग्रामांची मर्यादा २६० चिन्हांची आणि देवनागरीत मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘ज्ञानेश्वरी’ आपल्या लेखी चार अक्षरं, विंडोजच्या लेखी अकरा. गायक, मैफल, राग, बंदिशीची पहिली ओळ असं सगळं फोल्डरांच्या नावात लिहायची सवय असेल तर २६० फार लवकर भरतात. विनॲम्प २.९५ वर अडून बसलेल्यांना तर देवनागरी नावाच्या फाइली उघडतच नाहीत, कारण ते युनिकोडपूर्व धाटणीचं आहे आणि विंडोजने देवनागरीसाठी जुन्या पद्धतीचं सिस्टिम कोडपेज कधी दिलंच नाही. तिथे फाइलनावं रोमन करणं हाच उपाय.

जे चालणार नाही ते पटापट. सीडी टाकल्यावर गाण्यांची नावं आपोआप येत नाहीत; ग्रेसनोटची ती सेवा ५.६६६ साठी संपली आहे, आणि पर्यायी फ्रीडीबी २०२० मध्ये बंद झाली. सीडी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीने उतरवा, नावं म्युझिकब्रेन्झवरून घ्या, विनॲम्पला तयार फाइली द्या. प्रेफरन्सेसमध्ये एमपी३ विनॲम्पशी जोडून काही होत नाही. विंडोज ८ पासून तो अधिकार प्रोग्रामकडे राहिलेला नाही, सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स इथूनच करावं लागतं.

आणि २०१३ नंतर ५.६६६ ला सुरक्षेची एकही दुरुस्ती मिळालेली नाही. फायरवॉलच्या ॲडव्हान्स्ड खिडकीत आउटबाउंड रूल्समध्ये नवा नियम करा, प्रकार प्रोग्राम, विनॲम्पची ईएक्सई दाखवा, ब्लॉक. इंटरनेट रेडिओ बंद पडेल. कोणी पाठवलेल्या प्लेलिस्ट आणि स्किन त्यात उघडू नका. विनॲम्पमधली जुनी भगदाडं अशाच फाइलींतून उघडी पडली आहेत. एआरएम प्रोसेसरच्या नव्या लॅपटॉपवरही हे सगळं इम्युलेशनमध्ये चालतं, मात्र ज्या जुन्या सीडी प्लगइनला स्वतःचा ड्रायव्हर लागतो तो तिथे लागणार नाही.